सेल्विन टॅम्सची बिनलेबलची रेकॉर्ड

सेल्विन टॅम्सबद्दल वाईट बोलणारा माणूस आमच्या अख्ख्या लाँगटन गावात सापडणार नाही. एक मी सोडून. आणि मीसुद्धा ते मनातल्या मनात बोलतो, कारण चारचौघांत बोललो तर लोक सेल्विनकडे नाही, माझ्याकडे बघतील.

वाईट तरी काय बोलणार म्हणा. माणूस लहानखुरा, बोलायला मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कान मात्र डोक्याच्या मानानं मोठे, आणि त्या कानांवरच त्यानं जन्मभर पोट भरलं. पंधराव्या वर्षी तो कपबश्यांच्या कारखान्यात निवड खात्यात लागला. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा, लाकडाच्या काडीनं हलकेच ठोकायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर पुढे. बद्द वाजला तर दिसायला कितीही देखणा असो, टोपलीत. अडतीस वर्षं, कारखान्याला कुलूप लागेपर्यंत, त्यानं हेच केलं. केसाएवढी चीर त्याला ऐकू यायची. अजूनही क्लबात बिअरचा ग्लास हातात आला की आधी नखानं टिचकी मारतो, मग तोंडाला लावतो. लोकांना त्याचं केवढं कौतुक. मला बघवत नाही.

माझ्या बायकोनं मला सोडलं तेव्हा कारण सांगितलं होतं, “लेस, या घरात आपण तिघं राहतो, आणि तिसऱ्याचं नाव सेल्विन आहे.” सेल्विननं आमच्या घरात पाऊलही टाकलेलं नव्हतं. पण बाई खोटं बोलत नव्हती.

आम्हा दोघांना एकच वेड. साठच्या दशकातली अमेरिकेतली काळ्या गायकांची गाणी, तीही तिकडे कुणी ढुंकून न बघितलेली. छोट्या रेकॉर्डी, एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. तिकडे गोदामांत धूळ खात पडलेल्या त्या रेकॉर्डी आमच्याकडे इंग्लंडात आल्या आणि कारखान्यांतली पोरं-पोरी त्यांच्यावर घामाघूम होईस्तोवर नाचली. ज्याच्याकडे एखादी रेकॉर्ड आहे आणि दुसऱ्या कुणाकडेच नाही, तो आमचा राजा. म्हणून वाजवणारे लेबलावर कोरा कागद चिकटवायचे आणि वर भलतंच नाव लिहायचे, म्हणजे शेजारच्या गावच्या माणसाला खरं नाव कळू नये आणि तो ती शोधून काढू नये. मीही चिकटवलेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तो धंद्याचा रिवाज आहे.

रविवार दुपारचा नाच कामगार क्लबात मीच सुरू केला, चौऱ्याहत्तर साली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लोक विसरले.

त्याच्या आदल्या वर्षी एव्हिस माझ्याबरोबर होती. एव्हिस बोर्न, कारखान्यात चितारीण. कपाच्या कडेला सोनेरी रेघ ओढायची, हात न उचलता, एका दमात. तीन महिने आम्ही बरोबर हिंडलो. जूनच्या सुट्टीत सगळे कारखाने एकदम बंद पडतात आणि सगळं गाव उठून समुद्रावर जातं, तशी ती तिच्या आईबापांबरोबर ऱ्हिलला गेली आणि येताना माझ्या विसाव्या वाढदिवसाला एक रेकॉर्ड घेऊन आली. तिथल्या जुन्या बाजारात मिळालेली. मी तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी रेकॉर्डी वाजवायचो. सगळ्यांसमोर तिनं ती माझ्या हातात दिली, मी तिथल्या तिथे लावली. व्हायोलिनं, आणि एक बाई रडतेय. बघता बघता मला चेव आला. माइक हातात घेऊन मी म्हणालो, “मंडळी, रुमाल काढा, कुणाची तरी मांजर मेलीय!” हॉल हसून हसून लोळला. एव्हिसही हसली. कोट घेतला आणि घरी गेली. दोन महिन्यांत ती सेल्विनबरोबर दिसायला लागली.

ती रेकॉर्ड मी फेकली नाही. बिस्किटाच्या डब्यात, तिच्या कार्डासकट, ठेवून दिली. परत वाजवली मात्र नाही.

आणि मग सेल्विननं ती दुसरी आणली.

क्लबातला तिसरा-चौथा रविवार असेल. आला, लाजत लाजत म्हणाला, “लेस, ही लावून बघतोस का? शेवटी-शेवटी लाव, गर्दी कमी झाल्यावर.” त्या रेकॉर्डला लेबलच नव्हतं. ना पुढे, ना मागे. नुसता काळा, उघडा गाभा. मी ती लावली. ढोल, मग तुताऱ्या, मग एक आवाज, पुरुषाचा की बाईचा तेही कळेना असा. आणि ती गर्दी, जी कमी व्हायची होती, कोट काढून परत फरशीवर आली. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी पोटात दुखायला लागलं. ते दुखणं चाळीस वर्षं थांबलेलं नाही.

“कुठे मिळाली?” मी विचारलं.

“ऱ्हिलला. लेबल नव्हतंच.”

“नाव काय?”

“ठाऊक नाही, डक. मी ‘एव्हिस’ म्हणतो.”

आमच्याकडे बसवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे एकमेकांना डक म्हणतात, पण तो म्हणतो तेव्हा समोरच्याला वाटतं की खास आपल्यासाठीच म्हटलं. तेही मला बघवत नाही.

लेबल गळलं असेल हे मला पटलं, कारण रेकॉर्ड स्टायरीनची होती. अमेरिकेत काही कारखाने व्हिनाइल सोडून हे स्वस्त, कडक प्लास्टिक वापरायचे. व्हिनाइलचं लेबल आतच दाबलेलं असतं. स्टायरीनवर ते गोंदानं चिकटवतात, ओल लागली की निघून येतं. नखानं कडेला टिचकी मारली की स्टायरीन कडक वाजतं. ते सेल्विनला माझ्याआधी कळलेलं होतं, अर्थात.

“आणि दुसऱ्या बाजूला काय आहे?” मी उलटी करायला गेलो. आमच्या गावात हात आपोआप उलटा होतो. कुणाच्याही घरी जेवायला बसलो की आधी बशी उलटी करून बघणार, कुठल्या कारखान्याचा शिक्का आहे. माझ्या मावशीनं एका लग्नात सॉससकट ताट डोक्यावर धरून खालून बघितलं होतं.

“दुसरी बाजू खराब आहे,” सेल्विन म्हणाला. खरंच होती. आडवेतिडवे ओरखडे, खिळ्यानं मारावेत तसे. सुई लावण्यात अर्थ नव्हता.

मग चाळीस वर्षं मी तिची दुसरी प्रत शोधली. ती मला हवी होती म्हणून नाही. म्हणजे हवी होतीच, पण त्याहून जास्त मला ती सेल्विनसमोर टेबलावर ठेवायची होती. ‘घे, ही बघ तुझी एव्हिस, नावगावासकट, आणि माझ्याकडे दोन आहेत.’ यासाठी मी अमेरिकेला पत्रं धाडली. गाभ्याजवळ कोरलेल्या चार आकड्यांचा पिच्छा पुरवला. इंटरनेट आलं तेव्हा माझ्या आशा पालवल्या. अर्ध्या जगाला मी ते ढोल ऐकवले. कुणाला काही माहीत नाही. पुढे पुढे लोक लीड्सहून, ग्लासगोहून रविवारी आमच्या क्लबात यायचे, गाण्यांची नावं वहीत टिपून घ्यायचे. विचारायचे, “सेल्विनची रेकॉर्ड वाजणार ना आज?” क्लब माझा, टर्नटेबल माझं, आणि रेकॉर्ड सेल्विनची. शेवटचं गाणं म्हणून ती लागायची, तेव्हा मी यंत्राशी उभा, आणि पाय घसरते राहावेत म्हणून फरशीवर टाल्कम पावडर शिंपडून सेल्विन आणि एव्हिस नाचणार. तिच्या गिरक्या अजूनही तिच्या त्या सोनेरी रेघेसारख्या, एका दमात.

क्लबाच्या रविवारांना चाळीस वर्षं झाली त्या साली समितीनं पोस्टर काढलं. वर मोठ्या अक्षरांत: ‘शेवटचं गाणं — सेल्विन टॅम्स आणि त्याची जगातली एकमेव रेकॉर्ड’. सगळ्यात खाली, बारीक: ‘व्यवस्था: एल. ब्रिंडले’. माझं आडनाव ब्रिंडली आहे. संस्थापकाचं आडनाव चुकलं. मी ते पोस्टर क्लबाच्या दारावर वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी, सेल्विन माझ्या गाळ्यावर आला.

बाजारात माझा गाळा आहे. सुयांचा. शिलाई मशीनच्या सुया आणि रेकॉर्डच्या सुया, दोन्ही. सेल्विननं तंबाखूची डबी काढली. त्या डबीत तो आपलं कार्ट्रिज ठेवतो, म्हणजे सुई ज्यात बसते ती छोटी वस्तू. क्लबात त्याची रेकॉर्ड लावताना मी माझं काढून त्याचं बसवतो. ते जुनं कार्ट्रिज त्याला मीच दिलं होतं, एकोणऐंशी साली.

“लेस, डक, पंचाईत झाली. सुई संपली बघ.”

“कशावरून?”

“मागच्या रविवारी ‘एव्हिस’ बद्द वाजली मला. रेकॉर्ड चांगली आहे, सुईच गेलीय.”

भिंगाखाली धरली. गेलेली होती. एका गाण्यात त्यानं ओळखलं होतं. मला भिंग लागलं.

“आता तशी मिळते का? की नवीन काही घ्यावं? पुढच्या रविवारी ते सगळं आहे ना. तू सांगशील ते. मला त्यातलं काही कळत नाही.”

काचेखाली दोन सुया होत्या, आपापल्या कार्ट्रिजमध्ये बसवलेल्या. एक काळपट, बोजड, मोनो आवाजाची, जुन्या रेकॉर्डींसाठीच केलेली. तिचं टोक गोल. ती रेकॉर्डच्या चरीत वरच्या अंगाला बसते आणि कुणाला न दुखावता फिरते. दुसरी चकचकीत, तिचं टोक धारदार, लंबगोल घासलेलं. नव्या व्हिनाइलवर ती आवाजाचा कण न् कण काढते. पण स्टायरीनवर ती नांगरासारखी चालते. पाच-सात वेळा वाजवली की काम आटोपतं; चरी पांढुरक्या पडतात आणि गाण्याच्या जागी खरखर उरते. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सेल्विनलाही अर्धवट माहीत होतं, म्हणून तर विचारत होता.

माझं बोट काळपट सुईवर गेलं होतं. खरं सांगतो. तेवढ्यात तो म्हणाला, “ते पोस्टर पाहिलंस का? मी त्यांना म्हटलं, माझं नाव कशाला, लेसचं घाला. ऐकेनात.”

बोट सरकलं.

“ही घे,” मी चकचकीत काढली. “आवाज असा काढेल की तुलाच ओळखू येणार नाही.”

“चालेल ना ‘एव्हिस’ला?”

“धावेल.”

त्याच्या मागे मिसेस शफलबॉटम ताटकळत उभ्या होत्या. “तुम्हा दोघांचं लग्न ठरवून झालं असेल तर मला चौदा नंबरच्या सुया द्या,” त्या म्हणाल्या. सेल्विन हसला, बाजूला झाला. मी नवीन कार्ट्रिज त्याच्या जुन्या पट्टीवर बसवून दिलं आणि म्हटलं, “घरच्या यंत्रावर सुईवरचं वजन जरा जास्त ठेव. दीडपट. नवीन सुईला लागतं.” लागत नाही. वजन वाढवलं की नांगर खोल जातो. हे मी मिसेस शफलबॉटमना सुया मोजून देता देता बोललो, आवाजही बदलला नाही.

त्या रविवारी क्लब पुढच्या सोहळ्याच्या सजावटीसाठी बंद होता; रविवार आणि सोमवार माझे फार मजेत गेले. तालमीसाठी तो रोज वाजवणार हे ठरलेलंच. मला डोळ्यांसमोर दिसायचं: क्लब भरलेला, लीड्सवाले वह्या काढून बसलेले, आणि ढोलाऐवजी तळणीचा आवाज. मंगळवारी गाळ्यावर एक फालतू स्टायरीनची रेकॉर्ड घेतली आणि तसलीच धारदार सुई दीडपट वजनावर लावली. नुसतं बघायला. सातव्या वेळेला गाणं फाटलं.

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की मी सेल्विनला नाही, त्या गाण्याला मारतोय. जगात एकच होतं ते. ते ढोल, ते तोंडपाठ असलेले, दर रविवारी माझं पोट दुखवणारे ढोल. पुढच्या रविवारी मी कशाचा हेवा करणार? ऐकायला विचित्र वाटेल, पण मला रडू आलं ते या प्रश्नानं. सेल्विनच्या काळजीनं नाही. बुधवारही मी घाबरटासारखा घालवला. गुरुवारी दुपारी गाळा बंद केला, काळपट कार्ट्रिज खिशात घातलं आणि त्याच्या घरी गेलो.

एव्हिसनं दार उघडलं. तव्यावर ओटची धिरडी होती, आत चीज विरघळत होतं. “ये. बस. आलास एकदाचा,” ती म्हणाली. हे ‘एकदाचा’ मला आवडलं नाही.

सेल्विन खिडकीशी बसला होता. टर्नटेबलचं झाकण बंद.

“सेल, ती सुई काढ,” मी उभ्याउभ्याच म्हणालो. “चुकीची दिली. ही लाव, गोल. कितीदा वाजवलीस?”

“तीनदा.”

“तीनदाच?” जीव भांड्यात पडला.

“तिसऱ्यांदा चीर ऐकू आली,” तो म्हणाला. “मग थांबलो.”

त्यानं माझ्या हातून गोल सुई घेतली, बसवली, वजन बरोबर केलं आणि रेकॉर्ड लावली. ढोल आले. तुताऱ्यांपाशी आवाज फाटला, आणि गायकाच्या प्रत्येक ‘स’बरोबर तव्यावर पाणी पडल्यासारखं चर्र झालं. क्लबातल्या मोठ्या स्पीकरवर ते ऐकवत नाही. त्यानं सुई उचलली.

“मुद्दाम केलं मी,” मी म्हणालो. “चुकून नाही.”

“माहीत आहे, डक. वजन दीडपट म्हणालास ना, तेव्हाच जरा वाटलं होतं.”

“मग लावलीस कशाला? आणि भांडायला का आला नाहीस? सोमवारी, मंगळवारी, कधीही! माझ्या गाळ्यावर येऊन चार लोकांत माझी अब्रू काढायची!”

“कुठल्या तोंडानं येऊ?” सेल्विन म्हणाला, आणि बोटांकडे बघत राहिला.

एव्हिसनं माझ्यापुढे धिरड्याची बशी आदळली. मी सवयीनं कड उचलून खाली बघायला लागलो.

“बघा, बशी उलटी करायचं बरोबर सुचतं याला,” ती म्हणाली. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. “लेस, तुझ्या विसाव्या वाढदिवसाला मी तुला रेकॉर्ड दिली होती. आहे की फेकलीस?”

“आहे.”

“मागची बाजू कधी लावलीस?”

“नाही.”

“घरी जा आणि उलटी कर.”

मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण आत जाईना.

“हिनं दोन घेतल्या होत्या,” सेल्विन खालच्या आवाजात म्हणाला. “ऱ्हिलला. एकसारख्या. एक तुला, एक हिला स्वतःला. तू त्या दिवशी ती मांजरीची थट्टा केलीस, आणि ही घरी जाताना बसथांब्यावर मला भेटली. डोळे लाल. स्वतःची रेकॉर्ड कचऱ्यात टाकणार होती. मी म्हटलं, दे इकडे. घरी नेली, उलटी केली. लेबलं मीच काढली, लेस. कोमट पाण्यात, भांडी घासायच्या टोपात. आणि ते रडगाणं खिळ्यानं मीच खरवडलं. मला वाटायचं, लेबल तुझ्या नजरेस पडलं, नाहीतर ते गाणं तू ऐकलंस, तर तू घरी जाऊन तुझी उलटी करशील. मग तुला कळेल हिनं तुला काय दिलं होतं. आणि मग ही तुझ्याकडे परत जाईल.”

“मी काय पोस्टाचं पार्सल आहे, परत जायला?” एव्हिस म्हणाली. “चाळीस वर्षं सांगतेय याला. डोक्यात शिरत नाही.”

“तू माइकवर उभा असायचास. सगळे तुझ्याकडे बघायचे. ही पण बघायची,” सेल्विन म्हणाला. “दर रविवारी मला भीती वाटली तुझी.”

काय सांगू तुम्हाला. ज्या माणसाच्या हेव्यानं माझा संसार गेला, तो माझ्या हेव्यात जळत होता. क्षणभर मला इतका आनंद झाला की मी धिरडं उचलून खाल्लं. मग गिळवेना.

“मला तरी सांगायचंस,” मी एव्हिसला म्हणालो.

“तू विचारायचंस,” ती म्हणाली. “एकदा तरी येऊन म्हणायचंस, एव्हिस, त्या दिवशी चुकलो. मग सांगितलं असतं. गिळ ते, गार होतंय.”

“चुकलो,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली.

घरी आलो. डबा काढला. कार्डावर निळ्या शाईत तिचं अक्षर होतं: ‘लेसला, दोन्ही बाजू ऐक. एव्हिस.’ हे कार्ड मी शंभरदा वाचलं असेल. ‘दोन्ही बाजू ऐक’ हे मला नेहमी टोमण्यासारखं वाटायचं, वाढदिवसाच्या कार्डावरचा काहीतरी उपदेश. रेकॉर्ड उलटी केली. गोल सुई लावली. ढोल आले, नव्याकोऱ्या धारेचे, कधीच न वाजलेले. सेल्विनच्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी स्वच्छ. ती चाळीस वर्षं माझ्या पलंगाखाली होती आणि मी अमेरिकेला पत्रं लिहीत होतो.

लेबलावर नाव होतं. गायकाचं, गाण्याचं, कंपनीचं, सगळं. मी बसून ते वाचलं. आता माझ्याकडे होती, आणि एकट्या माझ्याकडेच. रविवारी माइकवर नुसतं नाव घेतलं असतं तरी महिन्याभरात कुठल्या ना कुठल्या माळ्यावरून दहा प्रती निघाल्या असत्या, सेल्विनची ‘एकमेव’ संपली असती, आणि शोधून काढणारा म्हणून एल. ब्रिंडलीचं नाव, बरोबर स्पेलिंगनं, सगळीकडे छापून आलं असतं. शुक्रवार-शनिवार मी तेच ठरवलं होतं. खोटं कशाला बोलू? एक छोटं भाषणही लिहिलं.

रविवारी सकाळी भांडी घासायच्या टोपात कोमट पाणी घेतलं. लेबल अंगठ्यानं ढकललं तर सायीसारखं सरकलं. दुसरंही. दोन्ही पाण्यात फाटून गेली आणि मी टोप मोरीत ओतला. मागची बाजू खरवडायला खिळाही आणला होता, पण आधी ती एकदा ऐकली. व्हायोलिनं, आणि ती बाई. मांजरीसाठी रडत नव्हती. खिळा परत खोक्यात टाकला.

क्लब खचाखच भरला होता. मी सेल्विनचं जुनं पाकीट मागून घेतलं, माझी बिनलेबलची झालेली रेकॉर्ड त्यात घालून त्याच्या हातात दिली. त्यानं ती बोटांवर तोलली, नखानं कडेला टिचकी मारली आणि ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं. “खणखणीत आहे, डक,” एवढंच म्हणाला, आणि पाकीट मला परत दिलं.

माइकवर मी म्हणालो, “शेवटचं गाणं. सेल्विन टॅम्सची ‘एव्हिस’.” टाळ्या त्याला पडल्या. गोल सुई मी बोटानं हळूच ठेवली. ढोल आले तशी सगळी फरशी हलली. पांढऱ्या पावडरीवर सेल्विन आणि एव्हिस मध्यभागी, आणि मी यंत्राशी, वजनाच्या काट्याकडे बघत. पोटात दुखत होतं. तितकंच, नेहमीच्याच जागी.

लीड्सचा एक वहीवाला माझ्या कोपराशी येऊन उभा राहिला. “इतकी स्वच्छ कधीच वाजली नव्हती. सुई कुठली?”

“गोल.”

“खरं नाव कधी कळलं का हो तिचं?”

“एव्हिस.”

तो हसला, वहीत काहीतरी लिहिलं. एव्हिसनं शेवटची गिरकी घेतली, सेल्विनच्या खांद्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत वळली. मी सुई उचलली.

“आणि मागच्या बाजूला काय आहे?” वहीवाल्यानं विचारलं. रेकॉर्ड उलटी करायला त्याचा हात पुढे आला.

मी ती पाकिटात घातली.

“दुसरी बाजू खराब आहे,” मी म्हणालो.